न्हाणीची फरशी

२०२४ च्या एप्रिलमध्ये चाकूरच्या आमच्या घरी प्लंबरने सामानाची जी यादी लिहून दिली, तिच्यात पाइप, एल्बो, टी, सोल्यूशनचा डबा अशा इंग्रजी नावांच्या रांगेत अचानक एक ओळखीचा चेहरा दिसला : ‘नाहणी ट्रॅप, नग १’. अंघोळीचे सांडपाणी जाळीतून खाली उतरताना ज्या भांड्यात थोडे साचून राहते आणि गटाराचा वास वर येऊ देत नाही, त्या भांड्याचे हे नाव. बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही ते याच नावाने छापलेले असते. आमच्या घरात मात्र ‘न्हाणी’ हा शब्द पंधरा-वीस वर्षांत कोणी उच्चारलेला नव्हता. न्हाणी गेली, मोरी गेली, बाथरूम आली. घरातून घालवून दिलेला शब्द फरशीखालच्या नळीत जाऊन बसला होता, आणि आता तीच फरशी उखडायची वेळ आल्यामुळे पुन्हा भेटला.

सुरुवातीलाच एक खुलासा करावयास हवा. या लेखातील ‘आम्ही’ हे लेखकाने स्वतःला बहाल केलेले बहुवचन नव्हे. आम्ही तिघे भावंडे आहोत. थोरला पुण्यात, मधली नांदेडला, धाकटा लातूरला. चाकूरच्या घरात आता आई एकटी असते. लिहिण्याचे काम तिघांपैकी एकाने केले असले तरी सांगायचे आहे ते तिघांचे आहे, आणि त्यातला दोषही तिघांनी सारखा वाटून घ्यावा असे ठरले आहे.

चाकूर हे लातूरहून नांदेडकडे जाताना लागणारे तालुक्याचे गाव. तालुक्यातच ‘लातूर रोड’ नावाचे रेल्वेचे जंक्शन आहे. नावाला भुलून तिथे उतरलेल्या आणि लातूर अजून बरेच दूर आहे हे फलाटावर कळलेल्या पाहुण्यांच्या कथा आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या रंगवून सांगितल्या गेल्या. निजामाच्या काळात विकाराबादेहून बीदर-उदगीरमार्गे परळीला जाणारा लोहमार्ग झाला, त्याच मार्गावरचे हे स्टेशन. आमच्या आजोबांच्या सांगण्याप्रमाणे आमच्या जुन्या न्हाणीची फरशी याच मार्गाने रेल्वेतून आली आणि लातूर रोडहून बैलगाडीने घरी पोहोचली.

ती न्हाणी घराच्या मागच्या अंगाला, आडापासून चार पावलांवर होती. तिन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची भिंत, वर पत्रा, दाराच्या जागी पोत्याचा पडदा. पुढे कधीतरी लाकडी फळ्यांचे दार झाले. कोपऱ्यात तांब्याचा बंब. मध्यभागी एक अखंड शहाबादी फरशी, सुमारे तीन फूट बाय चार फूट, एका बाजूला किंचित कललेली. त्या उतारावरून पाणी भिंतीतल्या भोकातून बाहेर पडे आणि कर्दळीच्या आळ्यात जाई. फरशीचा रंग कोरडी असताना राखेसारखा आणि ओली असताना पावसाळी आभाळासारखा. तिच्यावर बसून अंघोळ करायची. उभ्याने अंगावर पाणी घेणे ही गोष्ट आम्हांला वसतिगृहात गेल्यावर कळली. टाच घासायला वजरी होती, परंतु वजरी सापडली नाही तर फरशीच्या कडेवरच टाच घासली तरी चालत असे, इतकी ती खरखरीत होती.

‘फरशी’ हा शब्द अरबी-फारसी ‘फर्श’वरून आला, त्याचा मूळ अर्थ अंथरलेली वस्तू, बिछायत. आमच्या भागाला हा शब्द मुंबईच्या ‘लादी’पेक्षा अधिक शोभतो, कारण शहाबादी दगड खरोखरच अंथरुणासारखा थरांथरांत निघतो. चाकूरच्या पायाखाली काळा पाषाण आहे : साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, टणक, घडवायला कष्टाचा. जाते, पाटा, उखळ, देवळाची पायरी त्याची होते. अंथरण्याजोगा पातळ तक्ता त्यातून सहजी निघत नाही. दक्षिण-पूर्वेस जात राहिले की हा काळा दगड संपतो आणि भीमेच्या खोऱ्यातला चुनखडक सुरू होतो. तो त्याहून कितीतरी जुना, कुठल्याशा उथळ समुद्राच्या तळाशी गाळ साचत जाऊन झालेला. म्हणून त्याला पापुद्रे आहेत आणि पहार-छिन्नीने तो वहीच्या पानांसारखा सुटतो. गुलबर्ग्याजवळचे शहाबाद आणि पलीकडचे तांडूर ही त्याची गावे. याच खडकाची भुकटी भाजून तिथले कारखाने सिमेंट करतात. म्हणजे आमच्या नव्या घराचा स्लॅब आणि जुन्या न्हाणीची फरशी ही दूरची का होईना, भावकीच निघाली.

शहाबाद, तांडूर आणि लातूर ही तिन्ही गावे एकेकाळी एकाच हैदराबाद संस्थानात होती. १९५६ साली भाषावार वाटणी झाली. शहाबाद म्हैसुरात गेले, तांडूर आंध्रात, आम्ही मुंबई राज्यात. फरशीच्या व्यापाराला ही वाटणी फारशी जाणवली नसावी. मराठवाड्यातल्या शाळा, पोलीस ठाणी, धर्मशाळा, एस्‌टी स्टँड, सगळीकडे तीच राखाडी फरशी अंथरलेली असे. तिला कोणी सुंदर म्हटले नाही आणि निवडलेही नाही. ती होतीच. आणि जे होतेच, ते टाकून देताना माणूस फारसा विचार करीत नाही.

आता २००६ साल. त्याआधी १९९३ चा उल्लेख केल्याविना गत्यंतर नाही. आमचे जुने घर माळवदाचे होते : दगड-मातीच्या अडीच-अडीच फूट भिंती, सागवानी तुळया, वर फळ्या आणि त्यांवर हातभर जाडीची पांढरी माती. उन्हाळ्यात त्या घरासारखा गारवा नाही. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना, किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली, आणि त्यांतल्या बहुतेकांना भूकंपाने नव्हे, त्यांच्या स्वतःच्या घराने मारले. जाड भिंतींचे दगड मातीच्या गिलाव्यातून सुटले आणि वरच्या मातीचे ओझे खाली आले. आमचे घर पडले नाही. उत्तरेकडच्या भिंतीला एक तडा गेला, हात आत जाईल एवढा. आई-वडिलांनी आम्हांला अंगणात ओढून काढले. पुढे कितीतरी रात्री आम्ही त्या अंगणातच झोपलो. आईच्या मनातून तो तडा कधी बुजला नाही. माळवदाखाली ती तेव्हापासून कधीच निवांत झोपली नाही असे वडील सांगत.

तेरा वर्षांनी, वडिलांच्या निवृत्तीचे पैसे आणि आमच्या नोकऱ्यांचे कर्ज एकत्र करून, जुने घर पाडून स्लॅबचे घर बांधले. त्यात न्हाणी आत आली, घराच्या पोटात, आणि तिची बाथरूम झाली. पाच बाय सात फूट. तिच्या टाईल्स निवडायला आम्ही तिघे लातूरला गेलो. वडील सोबत होते. आईला नेले नव्हते. का नेले नाही, हे आज आठवून सांगता येत नाही. बहुधा कोणाला तसे सुचलेच नाही. परत आल्यावर जेवायचे होते, आणि स्वयंपाक कोणीतरी करायचाच होता.

त्या काळातील टाईल्सची दुकाने ज्यांनी पाहिली असतील त्यांना ‘लाईट, डार्क, हायलायटर’ ही त्रिसूत्री आठवत असेल. भिंतीच्या खालच्या भागात गडद रंग, वरती त्याच रंगाची फिकी छटा, आणि मधूनमधून चित्र असलेली टाईल, ती हायलायटर. चित्रांचे विषय ठरलेले : उड्या मारणारे डॉल्फिन, शिंपले, गुळगुळीत गोटे, जास्वंद, पाण्याचा थेंब पडून उठलेली वर्तुळे. आम्ही धबधबा निवडला. पाइनच्या झाडांमधून कोसळणारा, पायथ्याशी धुके असलेला, जगाच्या पाठीवर कुठला असेल तो असो. चार टाईल्स जोडून एक धबधबा होई. रंग आकाशी. आणि खालच्या फरशीसाठी त्याच संचातली आकाशी, चकचकीत टाईल, जिच्यात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब सरळ रेषेत दिसत असे. ‘मॅचिंग आहे’ हे त्या खरेदीतले शेवटचे आणि निर्णायक वाक्य होते.

टाईल्स बसल्यावर गल्लीतले लोक बाथरूम पाहायला आले. हे अतिशयोक्त वाटेल, परंतु खरे आहे. वास्तुशांतीच्या दिवशी देवघराइतकीच गर्दी तिथे होती. आईने सर्वांमागून येऊन पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, ‘पाणी पडल्यावर कसं व्हतंय हे?’ कोणीतरी म्हणाले की पुसून घ्यायचे. विषय तिथेच संपला.

त्या आकाशी फरशीबरोबर आई सतरा वर्षे राहिली. तिने तिच्याशी जुळवून घेण्याच्या ज्या युक्त्या केल्या त्या आम्हांला सुट्टीत आल्यावर दिसत, परंतु त्यांचा अर्थ लागत नसे. आधी तिने आत पोते अंथरले. पोते कुजून वास येऊ लागल्यावर प्लॅस्टिकची जाळी आणली. जाळीखाली शेवाळ धरले तेव्हा ती काढली आणि भिंतीला धरून, पाय सरकवत चालण्याची सवय लावून घेतली. ‘आई हल्ली जरा वाकून चालते’ असे आम्ही एकमेकांना फोनवर सांगितल्याचे आठवते. वयाला दोष दिला की टाईल्सकडे पाहावे लागत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात तर त्या बाथरूमचे चित्र एखाद्या व्यंगचित्रकाराने काढावे असे झाले होते. मांजरा धरण कोरडे पडले होते. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली : दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढे वाघिणी वाढून पन्नास झाल्या. ते पाणी लातूर शहरासाठी होते. आमच्या घरी टँकरचे पाणी विकत घेतले जाई. आई घमेल्यात बसून अर्ध्या बादलीत अंघोळ करी, घमेल्यात साचलेले पाणी संडासला वापरी, आणि समोरच्या भिंतीवर आमचा धबधबा अखंड कोसळत असे. त्या वर्षी घरी आलो तेव्हा आम्हांला त्या चित्राची पहिल्यांदा लाज वाटली. तरीही चित्राचीच, फरशीची नव्हे.

डिसेंबर २०२३ मध्ये, कडाक्याच्या थंडीत, आई त्या फरशीवरून घसरून पडली. उजव्या खुब्याचे हाड मोडले. ती दीड तास तशीच पडून होती. शेजारच्या वहिनी दूध द्यायला आल्या तेव्हा कळले. लातूरच्या डॉक्टरांनी आम्हांला बसायला सांगितले, क्ष-किरणाचा फोटो दिव्यासमोर धरला आणि आम्ही काही बोलण्याच्या आधीच विचारले, ‘बाथरूममध्ये ना?’ त्या प्रश्नातले ‘ना’ आमच्या तिघांच्याही कानांत अजून आहे. अशा फोटोंमागची बाथरूम त्यांना न पाहताही दिसत होती. शस्त्रक्रिया झाली, खुब्यात धातूचा गोळा बसवला, वॉकर आला, नंतर काठी आली. वडील २०१९ सालीच गेले होते, म्हणून हे त्यांना पाहावे लागले नाही.

एप्रिलमध्ये आम्ही पुन्हा टाईल्स निवडायला निघालो. या वेळी आईला गाडीत पुढच्या सीटवर बसवून नेले. दुकान दुसरे होते, पूर्वीच्या चौपट मोठे, वातानुकूलित. सतरा वर्षांत टाईल्सचे जगच बदलून गेले होते. आता बहुतेक माल सौराष्ट्रातल्या मोरबीहून येतो. मच्छू नदीवरचे हे गाव ११ ऑगस्ट १९७९ ला धरण फुटून वाहून गेले होते. २००१ च्या कच्छच्या भूकंपात पुन्हा हादरले. पाणी आणि भूकंप या दोहोंची ओळख असलेल्या गावाहून, पाण्याचे आणि भूकंपाचे आपले असे दुखणे असलेल्या गावाला फरशी येते, हा योगायोग आम्हांला दुकानात सुचला नाही, घरी आल्यावर सुचला. असो. यंत्राने दाबलेली मातीची भुकटी बाराशेच्या आसपास अंशांच्या भट्टीत भाजतात आणि तिच्यावर शाईच्या फवाऱ्याने हवे ते छापतात. इटलीचा संगमरवर, सागवानी फळ्या, गंजलेले लोखंड. चार फूट लांबीच्या टाईल्स भिंतीशी उभ्या करून ठेवल्या होत्या, दारांसारख्या.

एका टाईलपाशी आई थांबली. राखाडी, पापुद्रे सुटल्यासारखी, कडेला किंचित पिवळसर झाक असलेली. ‘ही तर शहाबादी हाय,’ असे म्हणून तिने हात लावला आणि लगेच काढून घेतला. हाताला काही लागले नव्हते. पापुद्रे छापलेले होते. दुकानदार उत्साहाने म्हणाले, ‘काकू, नॅचरल स्टोन लुक आहे, लई चालतंय सध्या.’ आईने आमच्याकडे पाहिले. ‘फोटो काढलाय व्हय रे दगडाचा?’ आम्ही हो म्हणालो. ज्या दगडाला आम्ही जुना म्हणून टाकला त्याचे छायाचित्र आता खऱ्या दगडाच्या कितीतरी पट भावाने विकले जात होते. यावर सुधारणेच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे. ते आम्ही करणार नाही. ती टाईल छान होती. आमच्या बहिणीला ती मनापासून आवडली होती, आणि तिने तसे सांगितलेही.

मग दुकानदारांनी ‘अँटिस्किड’ म्हणून पाच-सहा नमुने जमिनीवर मांडले. आईने प्यायला पाणी मागितले. मुलाने जारमधून ग्लास भरून आणला. आईने ते प्यायले नाही. वाकता येत नसल्याने उभ्यानेच तिने ते पहिल्या नमुन्यावर ओतले, आमच्या हातात काठी दिली, उजव्या पायातली चप्पल काढली आणि थोरल्याच्या खांद्याला धरून ओल्या टाईलवर पाऊल टेकवले.

‘अहो काकू, इथं नका, पडताल,’ दुकानदार पुढे झाले.

‘म्हणूनच बघायलेय की,’ आई म्हणाली.

अंगठा दाबून तिने पाय मागेपुढे केला. दुसऱ्या नमुन्यावर पाणी, पुन्हा पाऊल. दुकानातली इतर गिऱ्हाइके पाहू लागली होती. आम्हांला संकोच वाटला हे कबूल करतो. पुढे वाचनात आले की जर्मनीत फरशीची घसरण मोजण्याची रीत याहून फार वेगळी नाही : फरशीवर साबणाचे पाणी सोडतात, तिच्यावर अनवाणी माणूस चालवतात आणि उतार हळूहळू वाढवत नेतात, तो कितव्या अंशाला घसरतो त्यावरून फरशीला अ, ब, क असे वर्ग मिळतात. बूट घालून आणि तेल ओतून करायची परीक्षा वेगळी. काही माहितीपत्रकांत आर-नऊ, आर-दहा असे जे अंक असतात ते या दुसऱ्या परीक्षेचे. म्हणजे बाथरूमला लागतो तो पहिला आकडा, आणि दुकानात सापडला तर सापडतो तो दुसरा. आईने आपला आकडा पायाने काढला. सहापैकी चार नमुने नापास झाले. त्यांतली एक ती दगडाच्या छायाचित्राची टाईल होती.

जी उत्तीर्ण झाली तिच्यातली एक निघाली पार्किंग टाईल, म्हणजे मोटार उभी करायच्या जागेत घालतात ती. जाड, खडबडीत, चौकोनी खाचांची. आईला ती पसंत होती. इथे आम्ही तिघेही एकदम बोललो : ती बाहेरची आहे, आत चांगली दिसणार नाही. वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर ते कोठून आले ते ध्यानात आले. २००६ च्या दुकानातूनच ते थेट चालत आले होते. आई काही बोलली नाही. पार्किंग टाईल वाचली नाही ती मात्र आमच्यामुळे नव्हे, मिस्त्रींमुळे. त्यांना फोन लावला तर ते म्हणाले, ‘आज्जीला सांगा, त्या खाचंत साबणाचा मळ धरतंय आन्‌ बोअरच्या पाण्याचा खार बसतंय. मग घासायला खाली कोण बसणार?’ हा प्रश्न सौंदर्याचा नव्हता, म्हणून आईने तो मान्य केला.

उरली ती एक फूट बाय एक फुटाची, मॅट, फिक्या राखी रंगाची टाईल. हाताला बारीक सॅण्डपेपरसारखी लागणारी. दुकानदारांनी दोन बाय चारची शिफारस करून पाहिली, सांधे कमी येतात म्हणून. मिस्त्री फोनवर होतेच. मोठी टाईल ताठ असते, तिला चारी बाजूंनी जाळीकडे उतार देता येत नाही. पाणी कोपऱ्यात साचते, आणि साचलेल्या साबणाच्या पाण्यावरच माणूस जातो, असे त्यांचे म्हणणे. फुटाला दोन सूत उतार हवा, तो लहान टाईललाच नीट मिळतो. शिवाय सांधे जितके जास्त तितकी पायाला अडण जास्त. सतरा वर्षांपूर्वी हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते हे खरे. आम्हीही विचारले नव्हते.

भिंतीच्या रंगावर वाद झाला नाही. बहिणीने गडद निळा काढला, धाकट्याने काळा. आई म्हणाली, ‘पाण्याचा खार पांढरा, भित काळी. रोज दिसंल मला ते.’ आमच्या बोअरचे पाणी कित्येक शे फुटांवरून येते आणि जिथे वाळते तिथे चुन्याची पुटे ठेवते. गडद टाईलवर महिन्याभरात नकाशे उमटतात. पुटे काढायला लोक अ‍ॅसिड वापरतात, त्याने सांध्यातला सिमेंटही जातो. तेव्हा फिका क्रीम रंग ठरला. हायलायटर नको, हे सांगावे लागले नाही.

वाद झाला तो उंचीवर. आजकाल टाईल्स थेट छतापर्यंत लावतात. आम्हीही तसाच हिशेब धरला होता. आईने हात आपल्या खांद्याला लावला. ‘इथपत्तर बास. डोक्याच्या वर कायबी चिटकवायचं न्हाई.’ टाईल किती हलकी असते, नवी चिकट पावडर किती पक्की धरते, हे दुकानदारांनी समजावले. आम्हीही समजावले. मग आमच्यापैकी एकाला तो हातभर तडा आठवला आणि आम्ही गप्प बसलो. दहा हजार माणसांवर कोसळलेल्या भिंती ज्यांनी बांधल्या त्यांनाही त्या पक्क्याच वाटल्या होत्या. खांद्यावर रंग लावला.

जुनी टाईल फोडायला मिस्त्रींना दोन दिवस लागले. धबधबा चार तुकड्यांत निघेल असे वाटले होते, चाळीस तुकड्यांत निघाला. आतले काम चालू असताना मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीखाली ती जुनी शहाबादी फरशी दिसली. २००६ पासून ती कपडे धुण्याची शिळा झालेली आहे. आमच्या मनात आले की बाथरूमच्या मध्यभागी, आई बसते तिथे, तीच बसवावी. कल्पना आम्हांला फार आवडली. इतकी, की लेखाचा शेवटही तिथेच दिसू लागला. मिस्त्रींनी टेपने जाडी मोजली, दीड इंच. टाईल जेमतेम आठ मिलिमीटर. सगळा कोबा खाली घ्यावा लागला असता. त्यातच जुन्या फरशीचा मधला भाग धुणे आपटून आपटून गुळगुळीत झालेला होता. आईने बाहेर येऊन काठीने तिला टोचून पाहिले. ‘राहू दे तिथंच. धुणं कशावर धुवावं मग?’ विषय संपला.

भिंतीच्या टाईल्स मिस्त्रींनी रात्रभर पाण्यात भिजत घातल्या होत्या. त्या भुसभुशीत असतात, आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी पितात, कोरड्या लावल्या तर सिमेंटचेच पाणी ओढून घेतात आणि मग सुटतात. फरशीची टाईल मात्र पाणी पीतच नाही. तिला चिकट पावडर लागते. हे ऐकून आई म्हणाली की चाकुरात टिकायचे तर पाणी न पिणारीच बरी. मिस्त्री हसले. त्यांनी एक बॉक्स शिल्लक ठेवायला लावला, कारण पुढच्या खेपेला त्याच नंबरची तीच छटा मिळेल याची खात्री कोणी देत नाही. तो आता आईच्या पलंगाखाली आहे.

जाळीखाली नवा नाहणी ट्रॅप बसला. भिंतीला दोन स्टीलचे दांडे लावले. तेही आईने स्वतः उभे राहून, हात कुठे पोहोचतो ते दाखवून. बसायला प्लॅस्टिकची खुर्ची आहे. गल्लीतले कोणी पाहायला आले नाही. आले असते तरी पाहण्यासारखे तिथे काही नाही.

आम्ही पाळीपाळीने शनिवार-रविवारी जातो. सकाळी आतून आधी एक तांब्या ओतल्याचा आवाज येतो. मग थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. दार पूर्ण लावायचे नाही असे आता ठरलेले आहे, म्हणून फटीतून दिसते ते असे : आई उंबऱ्याच्या अलीकडेच उभी असते, एक हात दांड्यावर, आणि उजव्या पायाचा अंगठा ओल्या फरशीवर दाबून पाहत असते. रोज पाहते. मग आत जाते.